पासंग

संग्रहालयाची बाई आली होती, इरासेमा.
माझा जुना तराजू हवाय म्हणाली, प्रदर्शनासाठी.
एका पारड्यात गुलामाच्या पायातली बेडी,
दुसऱ्यात दर्यावर्दीचं होकायंत्र,
खाली पाटी: तुमचा देश कुठे झुकतो?

अडतीस वर्षं मी आलेंतेजूच्या बाजारांतून
वजनमापांचा निरीक्षक म्हणून फिरलो.
बाईला खुर्ची दिली, पाव दिला, ऑलिव्ह दिले,
मग विचारलं,
रिकामी पारडी आधी समान येतात का, पाहिलंत?

कोणी पाहत नाही.
लोक दांडी कशी मारतात ते मला विचारा.
वजनाच्या बुडाला भोक पाडून शिसं काढतात,
वर मेण, मेणावर काजळी.
मीठ ओलं करतात.
कोणी अंगठा टेकवतो, इतका हलका
की त्याचा त्यालाही पत्ता नसतो.

माझ्या सासऱ्याचा अंगठा असाच.
"तेव्हा दाराला चावी लागत नव्हती," म्हणायचा.
खरंच होतं. चोरण्याजोगं घरात काही नव्हतं,
आणि शेजारच्या मास्तरला एका रात्री नेलं
तेव्हा दार उघडंच राहिलं, महिनाभर.

अनसेल्मु किराणावाल्याचा काटा
किलोमागे वीस ग्रॅम जास्त द्यायचा.
गिऱ्हाइकाला. वर्षानुवर्षं. जाणूनबुजून.
झुकतं माप हेही खोटंच माप, नियमात.
मी पावती फाडली.
त्याने दंड भरला, हात पुसले,
आणि मला अर्धा किलो चणे तोलून दिले.
घरी येऊन मोजले: पाचशे दहा.

हे बाई कुठल्या पारड्यात घालणार?
आणि माझा बाप, जो चोपन्नाव्या वर्षी,
क्रांतीनंतरच्या हिवाळ्यात, रात्रशाळेत जाऊन
पिठाच्या पोत्यावर स्वतःचं नाव लिहायला शिकला?
आईने ते पोतं कधी फाडू दिलं नाही.

गेल्या मार्चात जगसीर दारात उभा होता,
रासबेरीच्या प्लास्टिक मळ्यावरचा पोरगा.
आठजण एका खोलीत झोपतात,
माणशी भाडं कापून पगार हातात.
फळांच्या डब्या मात्र ग्रॅमबरहुकूम,
तिथे कुणाची दांडी मारायची छाती नाही.
खोलीची चाबी हरवली होती त्याची.
चाबी, म्हणाला. मी दचकलो.
हा आमचा शब्द तुझ्या तोंडी कसा?
तो हसला: नाही आजोबा, आमचाच आहे.
मी वाद घातला नाही.
किती लांबून, कुठल्या जहाजातून, कशाच्या बदल्यात गेला असेल तो!
कुलूप दोघांनी मिळून तोडलं.

बाई वहीत काही तरी लिहीत होती.
मी तिला गिनीबद्दल सांगितलं नाही.
त्र्याहत्तर साली तिथे आम्ही भाताच्या कणग्या जाळल्या.
आम्ही म्हणजे, एकीला काडी मी लावली.
येताना एक तुंबा उचलला,
त्या बायकांचं भात मोजायचं माप.
झुल्मिरा त्यात लसूण ठेवते.
अख्ख्या जिल्ह्याची मापं तपासून मी शिक्के मारले,
आणि बिनशिक्क्याचं एक माझ्याच स्वयंपाकघरात,
पन्नास वर्षं, खिडकीशी.

बाई गेल्यावर लसूण टेबलावर ओतला,
तुंबा पुसला, तांदूळ भरले.
वर हात फिरवून सपाट केले: काटा एका जागी.
शीग लावली: काटा दुसऱ्या जागी.
त्या कसं मोजायच्या, मी पाहिलंच नव्हतं.
पाहायला वेळ होता. दुपारभर तिथेच होतो.

झुल्मिरा आली. सगळीकडे लसणाची सालं,
काय चाललंय तुझं?
मोजतोय, म्हटलं.
मग धर नीट, म्हणाली, सांडतायत.

तराजू न्यायला बुधवारी माणूस येणार आहे.